चाकाची कुरकुर

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, फार तर अर्थकारण यावे, अशी आपल्याकडची रूढ समजूत आहे. तेथे मोटारीच्या चाकातल्या बेअरिंगला कोणी जागा दिली, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. त्यावर आमचे उत्तर एवढेच, की ही व्याख्याने ऐकायला येणारी मंडळी बहुतेक चाकांवरूनच येतात. कोणी स्टेशनाबाहेरून शेअर रिक्षा पकडून येतो, कोणी बसने, कोणी स्वतःच्या गाडीने. ज्या वस्तूवर आपण रोज आपला जीव टाकून बसतो, ती वस्तू आजारी पडली तर कशी कण्हते, हे आपल्याला कळू नये हे काही बरे नव्हे. वैद्याकडे जाण्यापूर्वी घरातल्या माणसाने कपाळाला हात लावून पाहावा, तेवढेच ज्ञान येथे द्यायचे आहे. शस्त्रक्रिया मिस्त्रीनेच करावी.

बैलगाडीपासून आरंभ करू. लाकडी चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्याच्या भोकातून गेलेला लोखंडी आस, आणि दोहोंच्या मध्ये वंगण. आस स्थिर, चाक फिरते. म्हणजे तुंब्याची आतली बाजू आसावर सारखी घासत राहते. वंगण संपले की गाडी कुरकुरू लागते, आणि ती कुरकुर शिवेपलीकडे ऐकू जाते. (सरकारी कचेऱ्यांत 'वंगण' ह्या शब्दाला जो दुसरा अर्थ आला, तोही ह्याच अनुभवातून आला असावा.) घासण्याऐवजी लोळण्याची सोय केली तर श्रम किती वाचतात, हे ज्याने घरातले लोखंडी कपाट दोन गोल दांड्यांवरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेले आहे त्याला ठाऊक आहे. बेअरिंग म्हणजे ह्याच युक्तीचा गोल केलेला अवतार. बाहेर पोलादाची एक कडी, आत एक कडी, दोन्हींच्या मध्ये गुळगुळीत पन्हळ, आणि त्या पन्हळीत फिरणाऱ्या गोळ्या. त्यांना आपले मिस्त्री छर्रे म्हणतात. गोळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांना एक पिंजरा असतो, ग्रीस बाहेर जाऊ नये आणि पाणी आत येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना रबरी सील असते. काही गाड्यांत गोळ्यांच्या जागी निमुळते रूळ असतात. प्रकार कोणताही असो, त्याचे काम एकच. गाडीचा भार उभ्या आसावरून फिरत्या चाकावर उतरवायचा, आणि तोही चाकाला न अडवता.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. माणसे बसलेली एक मध्यम मोटार सुमारे बाराशे किलो वजनाची धरली तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला तीनशे किलो येतात. हा भार चेंडूसारख्या गोळ्यांवर पडतो, आणि गोळी पन्हळीला टेकते ती एका बारीक ठिपक्यापुरतीच. त्यामुळे त्या ठिपक्यावरचा दाब एका चौरस सेंटिमीटरला दहा हजार किलोच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून ह्या कड्या आणि गोळ्या साध्या लोखंडाच्या चालत नाहीत. सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेले खास पोलाद घेऊन ते पाणी देऊन कठीण केलेले असते. फेऱ्यांचा हिशेबही करून पाहावा. आपल्या उपनगरी रिक्षाचे चाक लहान. एका किलोमीटरला ते साडेसातशेहून अधिक वेळा फिरते. रिक्षा दिवसाकाठी शंभर किलोमीटर धावली, तर तिच्या प्रत्येक चाकाने पाऊण लाखाहून जास्त फेरे घेतलेले असतात. अंधेरी ते बोरिवली नि घाटकोपर ते मुलुंड ह्या पट्ट्यात रिक्षा हेच सामान्य माणसाचे वाहन. वांद्रे आणि शीव ओलांडून तिला शहरात जाता येत नाही, त्यामुळे तिचे सारे फेरे ह्याच रस्त्यांवर घडतात.

येथे थोडे आडवळण घेतो. फिलिप व्हॉन नावाच्या वेल्सच्या माणसाने १७९४ साली गाडीच्या आसाला गोळ्या बसवण्याचे एकस्व घेतले होते. पुढे १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने सायकलीसाठी घेतले, आणि १८९८ मध्ये अमेरिकेत हेन्री टिमकेन याने निमुळत्या रुळांचे. पण आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो स्वेन विंगक्विस्ट. हा स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या एका कापड गिरणीत इंजिनिअर होता. गिरणी चिकणमातीच्या भुसभुशीत जमिनीवर उभी होती. जमीन हळूहळू खचे, लांबच लांब दांडे वाकडे होत, आणि बेअरिंगे जळून जात. ह्या त्रासातून त्याने १९०७ साली स्वतःला सावरून घेणारे, म्हणजे दांडा थोडा तिरपा झाला तरी न अडणारे बेअरिंग काढले, आणि त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. ह्याच कंपनीने १९१५ साली बेअरिंगसाठी एक नाव नोंदवून ठेवले होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी फिरतो'. ते नाव व्होल्व्हो. मुंबई-पुणे प्रवासात 'व्होल्व्होने आलो' असे सांगणारे आपण सारे मूळच्या एका बेअरिंगचे नाव घेत असतो. गिरणगावाच्या ह्या शहराने एका गिरणीतल्या इंजिनिअरची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता दुखण्याकडे वळू. बेअरिंग झिजते म्हणजे नेमके काय होते? बहुतेकांची कल्पना अशी, की घासून घासून गोळ्या बारीक होतात. चांगल्या बेअरिंगमध्ये तसे होत नाही. गोळी एकाच जागेवरून कोट्यवधी वेळा जाते, दर वेळी पोलाद कणभर दबते आणि पुन्हा वर येते. तार दोन्हीकडे वाकवत राहिलो की ती तुटते, तसाच हा थकवा. पृष्ठभागाच्या किंचित खाली बारीक भेग पडते, ती वर येते, आणि एक दिवस पन्हळीतून पोलादाचा बारीकसा पापुद्रा सुटतो. तेथे खळगा झाला. त्या खळग्याच्या काठावर पुढची प्रत्येक गोळी आपटते, काठ आणखी तुटतो, सुटलेले कण ग्रीसमध्ये मिसळून वाळूसारखे काम करू लागतात. येथून पुढे उतार लागतो.

लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन ह्या दोघा स्वीडिश अभ्यासकांनी १९४७ साली ह्या थकव्याचे गणित मांडले. त्यातला एक नियम मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला, तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, एक अष्टमांश होते. भार नुसता सव्वापट केला तरी आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. रिक्षात चौथा माणूस चालकाच्या शेजारी अर्धवट बसला, तर त्याचे भाडे चालकाच्या खिशात त्याच दिवशी पडते, पण त्यातला काही भाग बेअरिंगच्या खात्यावर उधार लिहिला जातो.

हे झाले नैसर्गिक वार्धक्य. आपल्या उपनगरांत मात्र बेअरिंगे म्हातारी होऊन मरत नाहीत, अपघाताने मरतात. त्यांचे दोन वैरी, खड्डा आणि पाणी. वेगात असलेले चाक खड्ड्याच्या काठावर आदळले, की क्षणभर भार कित्येक पट वाढतो आणि गोळ्या पन्हळीत आपले ठसे उमटवतात. ठसे डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण तेथूनच खळग्यांची सुरुवात होते. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरची एक वीट खचली, काँक्रीट आणि डांबर ह्यांच्या सांध्यावर बोटभर पायरी पडली, एवढेही पुरते.

पाण्याची गोष्ट जरा निराळी आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. पावसाळ्यात अंधेरीचा सबवे भरला, मालाडचा भरला, सांताक्रूझचा मिलन सबवे भरला, ही बातमी आपण दर वर्षी वाचतो. अशा पाण्यातून पुष्कळ चालक हळू का होईना गाडी काढतात, पलीकडे गेल्यावर इंजिन चालू आहे ना, एवढे पाहतात आणि सुटकेचा निःश्वास टाकतात. पण चाकात काय घडले? गाडी तासभर चालून आलेली असते, ब्रेक लावून लावून हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो तापलेला हब एकाएकी गार पाण्यात बुडतो. आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने बाहेरचे पाणी आत ओढून घेते. सील जुने असेल तर अधिकच. तेही साधे पाणी नव्हे, त्यात गटाराचा गाळ आणि बारीक रेती असते. पाण्याशी मिसळून ग्रीस ताकासारखे पांढरट होते, पोलादावरची त्याची साय तुटते, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की गोळ्यांखाली गंजाचे ठिपके धरतात. आवाज त्या दिवशी येत नाही. तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी येतो, आणि तोवर सबवेतले पाणी माणूस विसरून गेलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कालिना, साकीनाका ह्या भागांत गाड्या छतापर्यंत बुडाल्या. तशा पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन आणि आसने सर्वांच्या डोळ्यांपुढे असतात, चाकाची बेअरिंगे मात्र ध्यानात येतात ती बोलू लागल्यावर. पाण्यातून काढलेल्या गाडीची चाके पहिल्या पंधरवड्यातच तपासून घ्यावीत, असा आमचा आग्रह आहे.

ही बोली कशी ओळखायची? बिघडलेले बेअरिंग प्रथम हुंकार देते. कल्पना करा, की पन्हळीत एक खळगा आहे आणि त्यावरून तेरा गोळ्या जात आहेत. मोटार ताशी पन्नास किलोमीटरने जात असेल, तर चाक सेकंदाला सातआठ वेळा फिरते. पिंजरा चाकापेक्षा निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरत असल्याने खळग्यावर सेकंदाला साधारण चाळीस ठोके पडतात. एवढे जलद ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक सलग स्वर होतो, तोही तंबोऱ्याच्या खर्जाच्या खालचा. म्हणून तो कानापेक्षा आधी तळव्यांना आणि बैठकीला जाणवतो. वेग वाढला की स्वर चढतो, वेग उतरला की उतरतो. पुढे दुखणे वाढले की हुंकाराची घरघर होते, आणि शेवटी जात्यात खडे भरडावेत तसा कर्कश आवाज येऊ लागतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीच्या काळी हा पहिला हुंकार इंजिनाच्या आणि पत्र्याच्या गोंगाटात बुडून जात असे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून तिची मुंबईतली मुदत संपली. आजच्या बंद काचांच्या गाड्या शांत आहेत आणि विजेवर चालणाऱ्या तर इतक्या मुक्या, की बेअरिंगचा पहिला हुंकारही त्यांत लपत नाही. पण ऐकू येणे निराळे आणि ओळखता येणे निराळे.

पहिली परीक्षा इंजिनाला बाजूला काढण्याची. पहाटे रस्ता मोकळा असताना, घाटकोपर ते मुलुंड असा द्रुतगती मार्गाचा सरळ तुकडा घ्यावा, आवाज येतो त्या वेगाला गाडी न्यावी, आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकून तिला आपल्या गतीने जाऊ द्यावे. इंजिन मात्र बंद करू नये. बंद केले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचे बळही जाते. इंजिनाचे फेरे खाली आले आणि आवाज होता तसाच राहिला, तर तो इंजिनाचा नाही. तो चाकांच्या गतीशी बांधलेला आहे.

दुसरी परीक्षा टायरला बाजूला काढण्याची, आणि येथेच बहुतेकांचा पैसा वाया जातो. टायर असमान झिजले, त्यांच्या नक्षीच्या कडा करवतीसारख्या झाल्या, तर तेही असाच हुंकार देतात. आवाज आला की चार नवे टायर घेणारे आणि आवाज तसाच राहिलेला पाहून दुकानदाराशी भांडणारे सद्गृहस्थ प्रत्येक उपनगरात सापडतील. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. रेघाळलेल्या काँक्रीटवर तो गर्जतो, ताज्या डांबरावर मऊ होतो. बेअरिंगला रस्त्याशी फारसे कर्तव्य नसते, ते आपला सूर सोडत नाही. आपल्याकडे अर्ध्या किलोमीटरात तीन प्रकारचे रस्ते मिळतात, ह्या दुर्दैवाचा येथे तेवढा उपयोग करून घ्यावा. तरीही शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहावे. आवाज टायरबरोबर सरकला तर टायर दोषी. जेथल्या तेथे राहिला तर बेअरिंग.

तिसरी परीक्षा वळणाची. गाडी डावीकडे वळली की तिचा भार उजव्या चाकांवर जातो. रिक्षात तिघे बसले असताना डाव्या वळणावर कोण कोणाच्या अंगावर रेलतो, हे आठवले म्हणजे झाले. तेव्हा लांब डाव्या वळणावर घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर, उजव्या वळणावर वाढली तर डाव्या बाजूवर. एखाद्या वळणावर ती एकदम थांबली, तर ज्या बाजूचा भार हलका झाला ती बाजू आजारी. ह्यासाठी रहदारीत गाडी नागमोडी चालवण्याचे साहस मात्र कोणी करू नये. उड्डाणपुलाचे लांब वळण पुरेसे आहे. ही परीक्षा शंभर टक्के खरी ठरते असेही नाही. हल्लीच्या बेअरिंगांत गोळ्यांच्या दोन रांगा असतात, आणि आतली रांग बिघडली आहे की बाहेरची, त्यावरून खूण उलटू शकते. शिवाय पत्र्यातून आवाज असा फिरतो, की मागचे चाक पुढे बोलल्यासारखे वाटते.

काही आवाज अगदीच निराळे असतात, ते थोडक्यात सांगतो. पूर्ण वळण घेताना पुढून येणारा टकटक आवाज बहुधा आसाच्या सांध्याचा असतो. ब्रेकवर पाय ठेवताच बदलणारी किणकिण किंवा खरखर ब्रेकची. आणि ठरावीक तालात धप्‌धप्‌ आवाज येत असेल तर चाक किंवा टायर गोल राहिलेला नाही. हा शेवटचा आवाज आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. फलाटावर उभे असताना एखादी लोकल ठकठक करीत शिरते, तेव्हा ब्रेकखाली घसरून तिच्या एखाद्या चाकाची कड सपाट झालेली असते. आगगाडीची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यातूनच. त्या जमान्यातल्या डब्यांना गोळ्यांची बेअरिंगे नव्हती. आसाच्या टोकाशी तेलाची पेटी असे. तेल संपले की पेटी तापून धूर निघे. आता रूळांची बेअरिंगे आली, तरी तापलेला आस ही रेल्वेची धास्ती गेलेली नाही. गाडी स्टेशनात शिरताना कर्मचारी बाजूला उभे राहून चाकांचा आवाज ऐकतात, पेटीचे तापमान पाहतात. ऐकणे आणि स्पर्श ह्या दोन जुन्या परीक्षा अजून निवृत्त झालेल्या नाहीत.

रस्त्यावरून संशय आला की चाक उचलून पाहायचे. गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी, जॅकने चाक उचलावे, आणि खाली भक्कम स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. विटा रचून त्यावर गाडी टेकवण्याची आपल्याकडची पद्धत तर सोडूनच द्यावी, वीट न सांगता फुटते. आता चाक ही घड्याळाची तबकडी समजा. बारा आणि सहा ह्या जागी दोन हात धरून चाक आत-बाहेर हलवावे. निरोगी चाक गाडीशी एकजीव वाटते. टक्‌टक्‌ असा खेळ लागला तर बेअरिंगवर संशय घ्यावा. मग नऊ आणि तीन ह्या जागी धरून हलवावे. खेळ फक्त आडवाच असेल तर दोष बहुधा स्टिअरिंगच्या दांड्यांचा. उभा खेळ सापडला की एकाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेकने हब जखडला जातो. तेव्हा खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगमधला, आणि तरीही राहिला तर खालच्या सांध्यांतला. एवढ्या साध्या युक्तीने चुकीचा भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

पण खेळ नाही म्हणजे बेअरिंग चांगले, असे कोणी समजू नये. हल्लीची बंद बेअरिंगे खळगे पडूनही कित्येक दिवस घट्टच राहतात. तेव्हा चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खरखर असेल तर ती स्प्रिंगमधून बोटांत उतरते. कान जेथे फसतो तेथे बोटे सहसा फसत नाहीत. जुने मिस्त्री लांब पेचकसाचे टोक चाकामागच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवून मूठ कानाशी धरतात. डॉक्टरच्या नळीचेच हे गरिबाघरचे भावंड. रिक्षाच्या पुढच्या एकट्या चाकाची परीक्षा ह्याहून सोपी, ते दोन्ही हातांत धरून डावी-उजवीकडे झुकवले की खेळ हातालाच कळतो.

राहिली उष्णता. वीस-पंचवीस मिनिटे, शक्यतो ब्रेक कमी वापरून, गाडी चालवावी आणि एकाच आसाच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. आधी चिकटवू नये, जवळ न्यावा. एक बाजू कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल तर काहीतरी अडकते आहे. ते बेअरिंग असेल किंवा न सुटणारा ब्रेक असेल, आणि दोन्ही गोष्टी त्याच दिवशी पाहण्याजोग्या आहेत. नव्या गाड्यांत आणखी एक खूण मिळते. चाकाची गती मोजणारी चुंबकी पट्टी पुष्कळदा बेअरिंगमध्येच असते. बेअरिंग डळमळले की मोजणी चुकते आणि समोर एबीएसचा दिवा लागतो. हा दिवा आणि हुंकार एकाच महिन्यात आले तर ते दोन आजार समजू नयेत.

आता खरा प्रश्न. असे चाक किती दिवस चालवावे? रिक्षाचालकाला हा प्रश्न आपल्यापेक्षा फार बोचतो. रिक्षा भाड्याची असेल तर गॅरेजमधला एक दिवस म्हणजे बुडालेली कमाई आणि वर मालकाचे भाडे. "मिस्त्री, एवढा आठवडा निघेल ना?" असे तो विचारतो, तेव्हा त्यात निष्काळजीपणा नसतो, महिनाअखेर असते. "आवाजच आहे तोवर निघेल दादा, चाक हललं की नाही निघणार," असे त्याला उत्तर मिळते, आणि आमच्या मते ते योग्य आहे. नुसता हुंकार असेल तर आठवड्याच्या आत काम करून घ्यावे. हाताला खेळ लागत असेल, भरडल्यासारखा आवाज येत असेल किंवा हब चटका देत असेल, तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नये, ओढून न्यावी. पिंजरा तुटला की गोळ्या एका बाजूला गोळा होतात, कड्या तापून आसाला चिकटतात, आणि क्वचित आस कापला जाऊन चाकच निघून जाते. तीन चाकांच्या गाडीचे एक चाक गेले म्हणजे काय होईल, ते सांगायला नको. म्हणून प्रवाशानेही आपले कान बंद ठेवू नयेत. "दादा, मागच्या डाव्या चाकातून घरघर येतेय, दाखवून घ्या," एवढे उतरताना सांगायला काही खर्च होत नाही. दिवसभर तोच आवाज ऐकून चालकाच्या कानांना तो कधीच सवयीचा झालेला असतो.

दुरुस्तीबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या नीट न झाल्या तर नवे बेअरिंगही महिन्यात बोलू लागते. एक, बेअरिंग दाबयंत्राने बसवावे, आणि जी कडी घट्ट बसायची आहे तिच्यावरच दाब द्यावा. बाहेरची कडी बसवताना आतल्या कडीवर हातोडा मारला, तर तो सारा मार गोळ्यांमधून जातो आणि कोऱ्या पन्हळीत ठसे पडतात. हातोड्याचा आवाज ऐकू आला तर मालकाने चहाला न जाता तेथेच उभे राहावे. दुसरी, ज्या जुन्या धर्तीच्या हबांत निमुळते रूळ असतात आणि नट आवळून खेळ ठरवायचा असतो, तेथे चाक हलते म्हणून नट कचकचीत आवळणे हा उपाय नव्हे. चाक फिरवत नट आवळायचा, मग थोडा सोडायचा, केसभर खेळ ठेवायचा आणि पिन घालायची. रूळ तापले की फुगतात, त्या फुगण्याला जागा लागते. ती न ठेवली तर ग्रीस जळते. बंद प्रकारच्या बेअरिंगांत उलट आहे; तेथे नट कंपनीने सांगितलेल्या मापानेच, टॉर्कच्या पान्याने आवळावा लागतो, अंदाजाने नव्हे.

काढलेले जुने बेअरिंग मिस्त्रीकडून मागून घ्यावे. ते भंगारातच जायचे असते, तो नाही म्हणणार नाही. रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, पुसून, उजेडात धरावे. पन्हळीच्या एकाच बाजूला पापुद्रे सुटलेले असतील तर भाराने आणि वयाने ते थकले. सारख्या अंतरावर, गोळ्यांच्या जागी बारीक ठसे असतील तर खड्डा किंवा हातोडा. पोलाद निळे-तपकिरी झाले असेल तर ते तापले, ग्रीस संपले होते किंवा नट जास्त आवळला होता. आणि तांबूस गंज, गोळ्यांखाली काळपट ठिपके, पांढरट ग्रीस असे दिसले, तर ते पाण्याने गेले. असे झाल्यास दुसऱ्या बाजूचे चाकही त्याच वेळी उचलून पाहावे, कारण सबवेतल्या त्या पाण्यातून तेही गेलेले असते.